मास्तरांचा उजवा पाय

मास्तरांचा राग गेला, ही बातमी मास्तरांनी स्वतःच दिली. चर्चमध्ये रविवारच्या उपासनेत पाळकसाहेबांनी विचारलं, प्रभूनं आपल्यासाठी काय केलं याची कोणाला साक्ष द्यायची आहे का, आणि मास्तर ताडकन उभे राहिले. लोकांना गाडी शिकवण्यात जन्म गेलेला माणूस, आवाज खणखणीत, माईकची गरजच नाही. "माझा राग तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे," ते म्हणाले. मागच्या बाकांवर दोघं-तिघं खुदकन हसले, कारण ते मास्तरांच्याच हाताखाली गाडी शिकले होते. "मी वर्षभर प्रार्थना केली. प्रभूनं तो काढून टाकला. आता शिकणारा गाडी खांबावर घालायला निघाला तरी माझ्या तोंडून ब्र निघत नाही." मंडळी 'आमेन' म्हणाली. मास्तरीणबाई मात्र पर्समधून रुमाल काढून तो परत पर्समध्ये ठेवत बसल्या.

खोटं कशाला बोला, बातमी खरी होती. पूर्वी मास्तरांच्या तोंडाचा पट्टा सुटला की शिकणाऱ्याला पळता भुई थोडी व्हायची. "डोळे घरी ठेवून आलात का?", "ही गाडी आहे, तुमची शिलाई मशीन नव्हे!", असं काय काय. एक चांगला पिकल्या केसांचा गृहस्थ तर सिग्नलला दार उघडून उतरला आणि मागं न बघता चालत घरी गेला. घरातही तीच तऱ्हा. किल्ली जागेवर नाही, दूध उतू गेलं, दार धाडकन लागलं, की चढलाच पारा. तोच माणूस आता जबडा आवळून, मनातल्या मनात प्रभूचं नाव घेत, मूग गिळून बसत होता. हे काही सोपं काम नाही, आणि ज्याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं.

नेमकी त्याच सुमारास मास्तरीणबाईंवर गाडी शिकायची वेळ आली. त्या इस्पितळात नर्स होत्या. रात्रपाळ्या करून करून त्यांच्या पाठीचा पार भुगा झाला होता. आता इस्पितळानं एक नवी जागा काढली होती. घरोघर जायचं, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या जखमा धुवायच्या, मलमपट्टी करायची, औषधं बघायची. दिवसाचं काम, आणि बाईंच्या मनाजोगतं. इस्पितळाच्या मोठ्या बाईंनी, म्हणजे मेट्रननं, जागा त्यांनाच देऊ केली, पण अट घातली की गाडी स्वतः चालवता आली पाहिजे आणि महिनाअखेर परवाना हातात पाहिजे. नाहीतर जागा दुसरीला जाणार. इतक्या वर्षांत बाईंनी स्वतःसाठी म्हणून काही मागितलं नव्हतं. ही जागा मात्र त्यांना हवी होती, अगदी मनापासून हवी होती.

"घरात मास्तर असताना बाहेर कशाला जायचं?" मास्तर म्हणाले. बाई जरा घुटमळल्या आणि हो म्हणाल्या. साक्ष त्यांनीही ऐकलीच होती ना.

शिकवणी सुरू झाली आणि काय सांगावं, गाडीत अगदी शांतता. शिकवणीच्या गाडीत शेजारच्या सीटपुढंही एक ब्रेक असतो, शिकवणाऱ्याच्या पायाशी, अडीअडचणीला. बाई गाडी काढत, गिअर बदलत, वळणं घेत. मास्तर शांतपणे सांगत, "हं, आता दुसरा टाक," "हं, आता आरसा बघ." आवाज चढला नाही की कपाळाला आठी पडली नाही. शेजारीपाजारी बघत आणि म्हणत, अरे वा, मास्तर खरंच बदलले की! मास्तरांच्या कानावर ते यायचं आणि त्यांना बरं वाटायचं.

परीक्षेच्या दिवशी मास्तर मैदानाच्या कुंपणाबाहेर उभे राहिले, निकालाची काळजी नसलेल्या माणसासारखे. परीक्षा सरकारी गाडीवर. त्या गाडीला ब्रेक एकच. बाईंनी गाडी झोकात काढली, वळण झकास घेतलं, आठाचा आकडा काढल्यासारखी पिंपांमधून फिरवली. मग आली थांबायची पांढरी रेघ. गाडी रेघेवर आली, रेघेवरून गेली, आणि पलीकडच्या रिकाम्या पिंपाला धडकून थांबली. पिंप गडगडत कुंपणापर्यंत आलं.

परीक्षक साहेब उतरले, कपाळ पुसलं आणि कागदावर फुली मारली. "बाई, तुम्ही गाडी छान चालवता," ते म्हणाले. "फक्त थांबवत नाही."

घरी जाताना गाडी मास्तरांनी चालवली. अर्ध्या वाटेत त्यांना राहवलं नाही. आवाज मात्र खालचाच ठेवला. "अगं, तुला किती वेळा सांगितलं होतं, रेघ दिसली की पाय ब्रेकवर आण म्हणून?"

"सांगितलं होतं," बाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "मी आणायचेही. पण माझा पाय पोचायच्या आत गाडी थांबलेली असायची."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही थांबवलेली असायची. प्रत्येक रेघेला, प्रत्येक चौकात. कुत्रं पार पलीकडच्या फुटपाथवर असलं तरी. मला वाटायला लागलं की गाडी आपोआपच थांबते. आज नाही थांबली."

"मग तेव्हाच बोलायचं नाही का?"

"कोणाशी बोलायचं?" आता बाईंचा आवाज फुटला. "अहो, तुम्ही ओरडत होता तेच बरं होतं. तेव्हा निदान कळायचं, काय चुकलं ते. मनात तरी उलट उत्तर देता यायचं. आता तुम्ही हसून बघता आणि गाडी थांबते. मी काय बोलू? सगळं चर्च सांगतंय की तुमचा राग गेला."

बाईंनी डोळे पुसले आणि घर येईपर्यंत पर्स छातीशी धरून ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांकडं बँकेतला एक चष्मेवाला शिकायला आला. मास्तरांनी त्या दिवशी रस्त्याकडं कमी आणि स्वतःच्या उजव्या पायाकडं जास्त लक्ष ठेवलं. चष्मेवाला धांदरट होता. सायकलवाल्याच्या इतक्या जवळून गेला की सायकलवाल्यानं त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. पण मास्तरांचा पाय जागचा हलला नाही. गरज पडल्यावर एकदाच ब्रेक लागला, तोही बेताचा. चष्मेवाला उतरून गेला आणि मास्तर गाडीतच बसून राहिले. परक्या माणसावर त्यांचा भरवसा होता. तो चुकेल, शिकेल, सुधारेल. बायको चुकायच्या आतच त्यांचा पाय धावत होता. ती चुकणारच, हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं. आज नव्हे, लग्न झाल्यापासून. राग जिभेवरून उतरला तो थेट पायात जाऊन बसला होता, आणि मास्तर त्याला निरोप दिला म्हणून हारतुरे घेत फिरत होते. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

तसेच उठले आणि चर्चमध्ये गेले. पाळकसाहेब स्टुलावर चढून उडालेला बल्ब बदलत होते.

"साहेब, मला माझी साक्ष मागं घ्यायची आहे."

"ती काय कोर्टातली आहे, मागं घ्यायला?" पाळकसाहेब वरूनच म्हणाले. "स्टूल धरा आधी, डुगडुगतंय."

मास्तरांनी स्टूल धरलं आणि खाली मान घालून सगळं सांगितलं. बल्ब लागला. पाळकसाहेब उतरले, हात झटकले.

"ओरडणं थांबलं, हे खरं आहे का?"

"ते खरं आहे."

"मग ते देवानंच केलं. ते खोटं ठरवू नका. चूक कुठं झाली सांगू? एका खोलीचा केर निघाला आणि तुम्ही सगळं घर झाडून झालं म्हणून गावभर सांगत सुटलात. देवाला पुढच्या खोलीत यायचं होतं आणि तुम्ही आतून कडी घातलीत."

"म्हणजे वर्षभराची प्रार्थना फुकट?"

"फुकट कशी? वर्षापूर्वी बायको असं बोलली असती तर तुम्ही ऐकून घेतलं असतं का?"

मास्तरांनी नकारार्थी मान हलवली. घर डोक्यावर घेतलं असतं.

"मग झालं तर. आपला दोष आपल्याला दिसला म्हणजे काम चालू आहे म्हणायचं. माणूस एका रविवारी बदलून मोकळा होत नाही, मास्तर. मीसुद्धा झालो नाही, माझ्या बायकोला विचारा. प्रार्थना फक्त जरा बदला. राग काढ, राग काढ, असं म्हणत होतात. आता म्हणा, तिच्यावर विश्वास टाकायला शिकव."

"हे जास्त अवघड आहे हो."

"सोपं असतं तर मागायला कशाला गेला असतात?" पाळकसाहेब म्हणाले आणि स्टूल उचलून आत गेले.

घरी येऊन मास्तरांनी बाईंसमोर हात जोडले नाहीत की नाटक केलं नाही. तेवढी अक्कल त्यांना होती. सरळ म्हणाले, "माझं चुकलं. नापास तू झाली नाहीस, मी झालो. तुला दुसऱ्या कोणाकडं शिकायचं असलं तर मी फी भरतो. माझ्याकडं शिकायचं असलं तर मी ब्रेकला पाय लावणार नाही."

बाईंनी त्यांच्या पायाकडं बघितलं. "राहवेल तुम्हाला?"

"नाही राहवणार. म्हणून मांडी घालून बसतो."

आणि बसले की! बूट काढले, सीटवर ऐसपैस मांडी ठोकली, वरून पट्टा लावला. आधी बाजारामागच्या मोकळ्या मैदानात चुन्याची रेघ मारून, मग गल्लीत. वेळ आलीच तर हाताशी हातब्रेक होता. गल्लीतली पोरं ओरडायची, "मास्तर, जेवायला बसलात का?" मास्तरांच्या कानशिलाची शीर तटतटायची. रेघ आली की मांडीखालचा पाय वळवळायचा आणि मास्तर दोन्ही हातांनी गुडघा दाबून धरायचे. पहिल्या दिवशी बाईंची गाडी रेघ सोडून भलतीकडंच थांबली. मग रेघेच्या जरा पुढं. मग कधी रेघेवर, कधी अलीकडं. मास्तर ओठ हलवत बसायचे. "काय पुटपुटताय?" बाईंनी विचारलं. "तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठी मागतोय," ते म्हणाले. बाईंना हसू आलं आणि गाडी बंद पडली.

मोठ्या रस्त्यावर आल्यावर एकदा गोदामाच्या फाटकातून एक ट्रक एकाएकी मागं मागं येत रस्त्यात घुसला. मास्तरांची मांडी सुटेना, हात हातब्रेककडं गेला, आणि तेवढ्यात पट्टा छातीत रुतला. गाडी थांबली होती. ट्रकचा मागचा फळका काचेपासून हातभर लांब होता.

"मी थांबवली," बाई म्हणाल्या.

"तूच थांबवलीस," मास्तर म्हणाले. त्यांचे पाय अजून मांडीतच होते.

महिना संपायच्या आत परीक्षा परत झाली. मास्तर पुन्हा कुंपणाबाहेर, पण या खेपेला जीव टांगणीला लागलेला. गाडी रेघेवर बरोबर थांबली. मास्तरांनी खाली बघितलं तर त्यांच्या उजव्या बुटानं मातीत खड्डा केला होता. शेजारी उभा असलेला एक माणूस त्या खड्ड्याकडं आणि मग त्यांच्याकडं बघायला लागला. "जुनी खोड आहे," मास्तर त्याला म्हणाले, "सुटेल हळूहळू." बाईंना परवाना मिळाला, जागा मिळाली, आणि इस्पितळाची छोटी निळी गाडीही मिळाली. सकाळी त्या एकट्याच निघायच्या. मास्तर दारात उभे राहायचे, प्रार्थना करायचे आणि मग आपल्या कामाला लागायचे.

एके दिवशी संध्याकाळी मास्तर स्वयंपाकघरात चहा टाकत होते. दार उघडलं, बाई आत आल्या, चपला काढल्या, किल्ली खिळ्याला अडकवली. आणि तिथूनच म्हणाल्या, "अहो, आज गाडी घासली. एका म्हातारबाबांच्या फाटकाला. मागचं दार पार चेपलंय. इस्पितळात कळवलं मी."

राग आला. का येऊ नये? पोटातून उठला, गळ्यापर्यंत आला, 'फाटक दिसलं नाही का' हे शब्द दातांपर्यंत येऊन उभे राहिले. मास्तरांनी गॅस बारीक केला. "तुला कुठं लागलं नाही ना?"

"नाही हो. म्हातारबाबाच घाबरले. त्यांनाच पाणी पाजावं लागलं," असं म्हणून बाई हसल्या आणि हातपाय धुवायला गेल्या.

मास्तर चहाकडं बघत तसेच उभे राहिले. आत्ता त्यांच्या ध्यानात आलं. या घरात आजवर कप फुटला तर त्याचे तुकडे कागदात गुंडाळून बाहेर टाकले जायचे. कापड जळलं तर ते कपाटाच्या तळाशी जायचं. मास्तरांना सापडेल तेव्हा सापडेल. बाईंनी आपलं नुकसान आपल्या तोंडानं असं दारातूनच कधी सांगितलं नव्हतं. आज सांगितलं. आवाज कापला नाही, आधी मास्तरांचा चेहरा वाचला नाही, शब्द जुळवत बसल्या नाहीत. कामावरून आलेलं कोणतंही माणूस घरच्याला सांगतं, तसं सांगितलं. त्यांना भीती वाटली नव्हती.

"प्रभू," मास्तर म्हणाले. डोळे भरून आले होते आणि चहा उकळून उतू चालला होता.

"अहो, चहा!" आतून बाई ओरडल्या, चांगल्या मोठ्यानं. "लक्ष कुठंय तुमचं?"