हळद लावलेलं काडतूस

मित्रांनो, दचकू नका. मी एक जुनी दुनळी बंदूक आहे खरी, पण आता माझ्यातून काही सुटायचं नाही. माझी डावी नळी केळं सोलावं तशी उलगडली आहे. इंग्लंडात वॉटफर्डजवळ बंदुका दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्याच्या दुकानात, मागच्या फळीवर मी पडून असते. लवकरच मला करवतीने कापतील आणि भंगारात टाकतील. त्याचं मला फारसं दुःख नाही. दुःख आहे ते एका माणसाच्या डाव्या हाताचं.

माझा जन्म बर्मिंगहॅमचा. आमच्याकडे बारसं साधं नसतं. नव्या बंदुकीत आधी नेहमीपेक्षा जास्त दारू भरून ती उडवतात. टिकली तर शिक्का, फुटली तर भंगार. मी टिकले! तो शिक्का अजून माझ्या पोटाखाली आहे. पुढे एका इंग्रज शेतकऱ्याकडे कावळे आणि कबुतरं हाकलण्यात माझी उमर गेली. तो वारला, आणि त्याच्या मुलांना शेतीही नको होती आणि मीही नको होते.

मग मला डॉक्टर अंबरीशने घेतलं. हा मूळचा नागपूरचा, वॉटफर्डमध्ये दातांचा दवाखाना चालवणारा. एकदा मित्रांबरोबर हवेत उडणाऱ्या मातीच्या तबकड्या फोडायला मैदानावर गेला आणि तिथलाच झाला. रीतसर लायसन्स काढलं, भिंतीला लोखंडी कपाट ठोकलं, पोलीस येऊन ते हलवून बघून गेले.

मला त्याचा डावा हात आवडायचा. उजवा हात चाप ओढतो आणि भाव खातो, पण माझं सगळं ओझं डाव्या हातावर. दोन्ही नळ्यांखाली तो असा अलगद यायचा की मला माझं वजन वाटायचं नाही. त्याच हाताच्या बोटाने तो लहान मुलांचा गाल बाजूला करायचा, छोटा आरसा धरायचा, आणि मुलं रडायची नाहीत म्हणे. त्याची बायको इरावती सगळ्यांना सांगायची, "अंबरीशचा डावा हात म्हणजे आमच्या घराची मीठभाकर आहे."

इरावतीनेही पुढे लायसन्स काढलं आणि स्वतःची बंदूक घेतली. ती वीस बोअरची, मी बारा बोअरची; बोअर म्हणजे नळीचं माप. इथला हिशेब उलटा असतो बरं का! आकडा मोठा, तेवढी नळी बारीक. वीसचं काडतूस माझ्या नळीत घातलं तर ते तोंडाशी थांबत नाही. आत घसरतं आणि पुढे घशात रुतून बसतं. वरून बघणाऱ्याला जागा रिकामीच दिसते. त्यावर कोणी बाराचं काडतूस भरून चाप ओढला, की संपलंच. म्हणून तर वीसची काडतुसं पिवळी करतात, चुकून हातात आलं तरी डोळ्यांना कळावं म्हणून. अंबरीशची लाल होती. इरावतीने पिशव्याही वेगळ्या शिवल्या होत्या आणि त्या एका खुंटीला टांगू द्यायची नाही.

त्या वर्षी अंबरीशचे वडील, अण्णा, नवरात्रात नागपूरहून आले. खंडेनवमीला त्यांनी आम्हाला कपाटात पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"बाप्पा! घरात एवढं शस्त्र, अन् पूजा नाही?"

झालं! आम्हा दोघींना उघडून पाटावर निजवलं. अण्णांनी दोन्ही पिशव्या एकाच ताटात ओतल्या. ओल्या हळदीचं बोट प्रत्येक काडतुसावर फिरवलं, वर कुंकू लावलं, झेंडूची फुलं ठेवली. माझ्या दस्त्यावरही गंध लावलं. खरं सांगू? इतक्या वर्षांत मला कोणी नमस्कार केला नव्हता. मी हरखून गेले. पण ताटात लाल पिवळी झाली होती आणि पिवळी लाल.

"अण्णा, ती वेगळी ठेवायची असतात हो," इरावती म्हणाली.

"राहू दे गं, दसऱ्यापर्यंत देवाजवळ. मी करतो वेगळी," अंबरीश म्हणाला. करतो म्हणालेली कामं कशी होतात ते तुम्हाला ठाऊकच आहे. रविवारी निघताना उशीर झाला, आणि त्याने ताट सरळ एका पिशवीत रिकामं केलं.

मैदानावर अण्णा खुर्चीत बसले. इरावती त्यांच्या कानांवर आवाज अडवणारं कानझाकण बसवत होती. अंबरीशने पिशवीत हात घातला आणि अण्णांकडे बघत म्हणाला, "बघा हं, आता दोन उडतील." बघत होता अण्णांकडे आणि भरत होता मला. उजव्या नळीत बाराचं गेलं. डाव्या नळीत वीसचं.

मला लगेच कळलं. ते घसरलं आणि घशात रुतलं. मी काय करणार? मला आवाज एकच येतो, आणि तो माणसाने चाप ओढल्यावर.

पहिली तबकडी फुटली. अण्णांनी टाळ्या वाजवल्या. दुसरीला त्याने चाप ओढला. नुसतं खट्ट. मी गप्प बसले. मित्रांनो, तोच माझा ओरडा होता. अरे बघ, माझ्या घशात बघ!

तबकड्या सोडणाऱ्या माणसाने विचारलं, "काडतूस उडालं नाही का? बघून घ्या."

अंबरीशने मला उघडलं. जागा रिकामी दिसली. "नाही नाही, मीच भरायला विसरलो," तो हसला. दिवसभर दुसऱ्यांच्या तोंडात आरसा घालून बघणारा माणूस! मला नुसतं उजेडाकडे धरलं असतं तरी नळी बंद दिसली असती. त्याने दुसरं काडतूस घातलं. ते बाराचंच होतं.

पुढचं जास्त सांगवत नाही. बर्मिंगहॅमचा शिक्का तिथे कामाला आला नाही. नळी फुटली ती नेमकी त्या हातावर. इरावती किंचाळत धावली. अण्णांनी खाली सांडलेलं एक काडतूस उचललं आणि अंगठ्याने त्यावरचं हळदकुंकू पुसलं. खालीही पिवळंच निघालं.

"माझ्या हातानं लावली मी हळद," एवढंच ते म्हणत राहिले.

डॉक्टरांनी हात वाचवला म्हणतात. दोन बोटं गेली आणि अंगठा वळत नाही, याला वाचवणं म्हणतात! दवाखाना दुसऱ्याने घेतला. अण्णा नागपूरला परत गेले आणि फोनवर मुलाशी बोलायचं टाळतात. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, पण या घरात आता फुंकायला काही उरलंच नाही.

परवा दोघं दुकानात आली, मला मोडीत काढायची सही करायला. अंबरीश माझ्याकडे बघत उभा राहिला.

"एकदा बघू?" त्याने विचारलं.

उजव्या हाताने त्याने मला उचललं. मी जड, तोल जाऊ लागला. इरावतीने नळ्यांखाली आपला हात धरला. त्याने मला खिडकीकडे केलं आणि धड राहिलेल्या नळीतून आरपार पाहिलं.

"साफ आहे," तो म्हणाला.

मित्रांनो, मोठ्यांच्या बंदुकीला तुम्ही हात लावू नका. पण उद्या मोठे व्हाल, तेव्हा एवढं ध्यानात ठेवा. दोन मापांची काडतुसं एका पिशवीत ठेवू नका, पूजेच्या ताटातसुद्धा नाही. आणि चाप ओढून आवाज आला नाही, तर नळीचं तोंड माणसांपासून दूर धरून थांबा, मग बंदूक उघडून, रिकामी करून उजेडाकडे धरा आणि आरपार बघा. अंबरीशनेही बघितलं. पण तोवर मला धरायला त्याला इरावतीचा हात लागला.