गोंदाचे तीन थर

म्हाताऱ्या सुताराने डाव्या हाताची करंगळी गोंदात बुडवली आणि पंख जिथे रॉकेटच्या पुठ्ठ्याच्या नळीला चिकटला होता, त्या कोपऱ्यातून ती सावकाश ओढली. पांढरी रेघ कशी गुळगुळीत बसली. हा तिसरा थर.

"बाबा, पुरे आता," मुलगी म्हणाली. ती शाळेत विज्ञान शिकवायची आणि सुट्टीच्या दिवशी क्लबातल्या मंडळींबरोबर हातभर लांबीची रॉकेटं उडवायची. "रॉकेट आहे ते, कपाट नाही."

"मास्तरीणबाई, मागचं रॉकेट दोन पंख मोडून घेऊन आलं होतं. कुणी चिकटवले होते?"

"मी."

"मग झालं तर!"

चाळीस वर्षांत आपल्या हातचा एकही सांधा निखळला नाही, हे तो लोकांचे कान किटेपर्यंत सांगत असे. पण गेल्या वर्षी उजव्या हाताला कंप सुटला, करवत सरळ चालेना, आणि त्याने दुकानाला कुलूप घातलं. तेव्हापासून तो भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. जेवायलासुद्धा चार हाका माराव्या लागत. महिन्यापूर्वी मुलीने रॉकेटचा खोका त्याच्या पुढ्यात आणून ठेवला. पंख तेवढे तुम्ही चिकटवा, मला धड जमत नाहीत, म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून गडी सकाळीच दाढी करून टेबलाशी हजर. पंखांचं ते फुंकरीने उडेल असं लाकूड बघून त्याला धडकीच भरली. त्याने सांध्यात गोंद भरला. आठवड्याने पंखांना दोन्ही बाजूंनी कागद चढवून वर गोंदाचा हात फिरवला. तरी जिवाला स्वस्थता नाही, म्हणून आज कोपऱ्यांतून ही रेघ. मुलगी दर खेपेला रॉकेट दोऱ्याला टांगून बघायची, शेपटी खाली कलली की नुसतं "हं" म्हणायची आणि ते आपल्या खोलीत घेऊन जायची. असेल काहीतरी शास्त्र, असं म्हणून तो हात धुवायला उठायचा.

स्पर्धा उंचीची होती. गेल्या वर्षी तिचा नंबर थोडक्यात हुकला होता आणि यंदा पहिली येणारच, असं तिने वर्षभर घोकलं होतं. रॉकेट फुस्सकन सुटलं, सरळ गेलं, पण बहुतेकांच्या निम्म्यावरच थांबलं. पोटातली हवाई छत्री उघडली आणि ते कडक जमिनीवर शेपटीवरच आदळलं. म्हातारा गुडघ्यांची पर्वा न करता धावला.

"बघ! ओरखडासुद्धा नाही!"

दहा रॉकेटांत नववा नंबर. तरी त्याने ते पंख अख्ख्या क्लबाला दाखवले. मुलगी हसत बाजूला उभी होती.

"पण उंच का नाही गं गेलं?"

"इंजिन कमी पडलं असेल," ती म्हणाली.

घरी आल्यावर तो ओल्या फडक्याने रॉकेटची काजळी पुसत बसला. टोकाची प्लॅस्टिकची टोपी त्याने काढून हातात घेतली, तर ती भलतीच जड लागली. आत काहीतरी ठासलेलं होतं. त्याने काडीने उकरलं. मुलांच्या खेळण्यातली रंगीत माती. वरचा थर लाल, त्याखाली पिवळा, तळाशी निळा.

त्याला रॉकेटचं शास्त्र कळत नव्हतं, पण जन्मभर लाकूड तोलून उचललेलं होतं. एक टोक जड झालं की दुसऱ्या टोकाला वजन द्यावं लागतं, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. तो जेव्हा जेव्हा गोंद लावून उठला, तेव्हा तेव्हा ती खोलीत जाऊन माती भरत होती. वर्षभर घोकलेला पहिला नंबर पोरीने आपल्या हाताने त्या टोपीत दाबून टाकला होता, बापाने सकाळी उठून दाढी करावी म्हणून. उकरलेली माती त्याने अंगठ्याने परत दाबून बसवली.

"बाबा," ती स्वयंपाकघरातून भांडी घासता घासता ओरडली, "दोन महिन्यांनी परत स्पर्धा आहे. पंख तुम्हीच चिकटवाल ना?"

"चिकटवतो की." त्याने टोपी परत नळीवर बसवली. "पण गोंद तू काढून द्यायचास. लागेल तेवढाच."

आतला भांड्यांचा आवाज थांबला.