सात घरांचं रिव्हॉल्व्हर

सव्वाअकराच्या सुमारास दत्ताराम फौजदारांच्या पिंडाला कावळा शिवला आणि मंडळी जेवायला गेली. गोष्ट संपली.

आता हे झालंच नाही असं धरून चला. कावळा शिवलेला नाही. सन एकोणीसशे तेहेतीस, मार्गशीर्षातली सकाळ, नऊ वाजून गेलेत. भाट्याच्या किनाऱ्यावर सुरूच्या झाडांखाली केळीच्या पानावर पिंड मांडलाय आणि पन्नास हातांवर बसलेले कावळे त्याच्याकडे जप्तीची नोटीस वाचावी तसे बघतायत. वाचतात, मान तिरकी करतात, पुन्हा वाचतात. पुढे कुणी येत नाही.

महिपत शिवलकर पिंडापासून चार पावलांवर उकिडवा बसला होता. रत्नागिरीच्या बाजारात त्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. घड्याळं, शिवणयंत्रं, ग्रामोफोन, एकदा एका खोताची कवळी, असं जे जे हलायचं आणि मग हलायचं थांबायचं, ते त्याच्याकडे यायचं. त्या न्यायानं फौजदारही यायला हवे होते. पण त्याला होडीनं खाडी ओलांडून बोलावलं होतं ते फौजदारांच्या रिव्हॉल्व्हरसाठी.

ते पिंडाशेजारी दुसऱ्या पानावर होतं. एका बाजूला तपकिरीची डबी, दुसऱ्या बाजूला फौजदारांची काठी, मध्ये रिव्हॉल्व्हर. जसा काही जेवणातला डाव्या बाजूचा पदार्थ. त्याच्यामागे धोंडू हवालदार उभा. परवानेदार वारला की परवाना मरतो आणि हत्यार ठाण्यात जमा होतं, तसं हेही तिसऱ्या दिवशी जमा झालं होतं. फौजदारांची बायको आनंदीबाई स्वतः ठाण्यात जाऊन बसली आणि मयताची आवडती वस्तू म्हणून दहाव्याच्या दिवसापुरती ती मागून घेतली. मेलेल्या फौजदाराला ठाणं नाही म्हणू शकलं नाही. मात्र सोबत हवालदार दिला आणि हवालदारासोबत यादी दिली. यादीत लिहिलं होतं : रिव्हॉल्व्हर एक, काडतुसं निरंक.

रिकामं असल्याची खात्री केली का, असं महिपतनं आल्या आल्या विचारलं होतं. धोंडू म्हणाला, केली तर. नळीला डोळा लावून आत पाहिलं. अंधार होता, म्हणजे आत काही नव्हतं.

महिपतला यावर पुष्कळ बोलायचं होतं. पण पिंड मांडलेला असताना हवालदाराची अक्कल काढणं बरं दिसलं नसतं, म्हणून तो गप्प बसला. ही त्याची चूक. आपण ती लक्षात ठेवू.

कावळा शिवत नाही म्हणजे मयताची काही इच्छा राहिली आहे. मग घरच्यांनी ती ओळखून तसा शब्द द्यायचा. फौजदारांना मूलबाळ नव्हतं, क्रिया पुतण्या लवू करत होता. त्यानं सकाळपासून वाडीचा पडलेला गडगा बांधून काढायचा शब्द दिला, म्हातारी गाय न विकण्याचा दिला, शेवटी विडी सोडण्याचाही दिला. कावळे जागचे हलले नाहीत. विडीचं तर त्यांनी मनावरच घेतलं नाही. भटजी सावलीकडे बघून म्हणाले की, दुपार होईतो वाट बघू, नाहीतर दर्भाचा कावळा करून शिववू, शास्त्रात सोय आहे.

“दर्भाचा नको,” आनंदीबाई म्हणाली. “गवत काय, कुणालाही शिवेल.”

मग तिनं महिपतला जवळ बोलावलं आणि खालच्या आवाजात खरं ते सांगितलं. फौजदार पेन्शनीत आल्यापासून रोज संध्याकाळी पडवीत बसून ते रिव्हॉल्व्हर वाजवत. गोळी नाही, नुसता खटका. ते ऐकून ऐकून तिच्या कपाळात दुखायला लागलं होतं. शेवटच्या दुखण्यात तिनं ते तांदळाच्या कणगीत लपवलं. पंधरा दिवस ते मागत राहिले, ती सापडत नाही म्हणत राहिली, आणि सोळाव्या दिवशी ते गेले.

“माझ्यावर राग धरून गेले रे ते. आज शिवला नाय, तर मी जन्मभर काय समजायचं?”

महिपतला हाताचं काय करावं कळेना. त्यानं खिशातलं भिंग काढून पुसलं.

तोडगा आंबेवाल्या आप्पांनी काढला. आप्पांचं कलमांचं मोठं आगर. वानरांच्या त्रासापायी त्यांनी छोट्या हत्याराचा परवाना नुकताच मिळवला होता. पण नुसता कागद दाखवून वानर ऐकत नव्हते. रिव्हॉल्व्हर चांगल्या हाती पडावं हीच दत्तारामाची इच्छा असणार, तेव्हा मी घेतो, असं ते म्हणाले. अडचण किमतीची. फौजदार जिवंतपणी सगळ्यांना सांगत की, आपण त्यातून एकही गोळी झाडलेली नाही, कोरं आहे, साठ रुपयांच्या खाली जायचं नाही. पिंडासमोर खोटी किंमत बोलून चालणार नव्हतं. मयत ऐकत असतो. म्हणून जाणकार. आणि अख्ख्या रत्नागिरीत भिंग असलेला फुरसतीचा माणूस एकच.

महिपत उठेपर्यंत आप्पांनी रिव्हॉल्व्हर उचललंसुद्धा. तळहातात मावेल एवढं, बेल्जियमचं, काळ्या मुठीचं. आप्पांनी ते समुद्राकडे रोखलं, एक डोळा मिटला आणि चाप ओढला. खट्.

सगळे कावळे एकदम उडाले. ओरडत पार दुसऱ्या टोकाच्या झाडांवर जाऊन बसले.

“झकास चालतंय,” असं म्हणून आप्पांनी पुन्हा ओढला. खट्. मग खूश होऊन ते भटजींना दाखवायला वळले. नळी त्यांच्याबरोबर वळली आणि भटजींच्या पलीकडे बसलेल्या लवूच्या पोटावर स्थिर झाली. आप्पांचं बोट चापावरच होतं. लवूला उठता येत नव्हतं, क्रिया चालू होती.

“आप्पा,” महिपत म्हणाला, “बोट बाहेर काढा.”

तो इतक्या हळू बोलला की आप्पांनी ऐकलं. बोट बाहेर आलं. महिपतनं दोन्ही हातांनी रिव्हॉल्व्हर काढून घेतलं आणि नळी पाण्याकडे केली. घोडा अर्धा मागे घेतला, बाजूची झडप उघडली. तिथून चाकाचं एकेक घर दिसतं. घरं सात. पहिलं रिकामं. दुसरं रिकामं. तिसरं, चौथं रिकामं. पाचव्या घरात पितळ चमकलं.

चाक कुठल्या बाजूला फिरतं ते त्यानं पाहिलं आणि मनात मोजलं. ते घर घोड्याखाली यायला एकच खटका बाकी होता.

“हवालदार, तुमच्या अंधारात एक गोळी आहे.”

धोंडूनं यादी उघडली, वाचली, आणि असणं शक्य नाही असं सांगितलं. लवूनं मात्र हातातले तीळ खाली ठेवले आणि क्रियेला बसलेल्या माणसानं तोंडातून काढू नये असा एक शब्द आप्पांना ऐकवला. भटजींनी ऐकलं नाही असं दाखवलं.

महिपतनं मधली दांडी ओढून चाक अलग केलं आणि भिंग डोळ्याला लावलं. काडतूस घरात फसलेलं होतं, आणि का फसलं तेही दिसत होतं. मोठ्या काडतुसाला बुडाच्या मध्यावर घोडा लागतो. या बारक्याची दारू पेटवणारा मसाला बुडाच्या कडेतच भरलेला असतो, म्हणून याच्या घोड्याची चोच कडेवर बसते. काडतूस असेल तर बार होतो. नसेल तर चोच चाकाच्याच लोखंडावर आपटते. इथं सातही घरांच्या काठाला खोल चावे पडले होते आणि लोखंड आत वळलं होतं. पाचव्या घराच्या वळलेल्या लोखंडाखालून कुणीतरी ते काडतूस जोर लावून आत बसवलं होतं. ते आता ना आत होतं, ना बाहेर.

ते तसंच ठाण्यात नेऊ द्यावं, असं त्याला वाटून गेलं. मग धोंडू ते कसं काढील याचं चित्र त्याच्यासमोर उभं राहिलं. हातोडी होती त्यात.

त्यानं सगळ्यांना मागे व्हायला सांगितलं. आनंदीबाई हलली नाही. पिंडाजवळच्या पणतीतलं तेल त्यानं बोटानं काडतुसाभोवती सोडलं, गोळीचं तोंड समुद्राकडे धरलं आणि खिशातली बारीक कानस काढली. वळलेलं लोखंड घासायचं, आणि त्याला टेकूनच असलेल्या मसाल्याच्या कडेला कानस लागू द्यायची नाही. मध्ये अंतर एका केसाचं, तेही पिकलेल्या. घड्याळावर हात थरथरला तर वेळ चुकते. इथं वेळ संपते, निदान बोटांची. उजव्या हाताची दोन बोटं गेली तर पुढं काय, याचा त्यानं विचार केला, आणि कवळ्या, एवढंच उत्तर सुचलं.

कानस पुढं. थांब. पुढं. थांब. लाटेचा आवाज आला की तो थांबायचा. कपाळावरचा घाम नाकाच्या शेंड्याला येऊन लोंबत राहिला. पुसायला तिसरा हात नव्हता. आनंदीबाईनं पुढे होऊन पदरानं तो टिपला. सावली आखडत पिंडाच्या पानापर्यंत आली. भटजींनी दर्भाची जुडी हातात घेतली होती.

शेवटी त्यानं कानस ठेवली, बांबूची काडी पुढून घरात घातली आणि गोळीच्या नाकावर टेकवून हळूच रेटा दिला. काही नाही. पुन्हा दिला. काडतूस सरकलं, थांबलं, आणि टक्कन पिंडाच्या पानावर पडलं.

महिपतनं कानस पुसून खिशात ठेवली. मग रिकामी नळी आभाळाकडे धरून त्यानं आरपार पाहिलं. आत चांदीसारखं लख्ख; खरंच एकही गोळी गेलेली नव्हती.

“नळी कोरी आहे,” तो म्हणाला. “नळीचे साठ. पण चाक मेलंय. वजा पंचेचाळीस. असं चाक मी कधी पाहिलं नाय, आप्पा. हे न वापरून वापरून झिजलंय.” मग तो आनंदीबाईकडे वळला. “काकी, पडवीत बसून तात्या नेम कशावर धरायचे?”

“कशावर म्हणजे? समोर जे असेल त्यावर. माडावर, कावळ्यांवर.” तिनं कपाळ चोळलं. “कावळ्यांवरच. सात वर्षं. चहा होईतो.”

“आणि हे काडतूस?”

“हे आजारी पडले त्याच दिवशी त्यातल्या एकानं यांची तपकिरीची डबी पळवलीन होती, मागनं गडग्यात सापडली. त्या दिवशी भरलंनी असेल.”

महिपतनं दूरच्या झाडांकडे बोट केलं. फौजदारांची पडवी तिथून हाकेवर होती. कावळे तेच होते.

“तात्या तुमच्यावर रागावलेले नायत, काकी. हे तात्यांवर रागावलेत. आणि आपण सकाळपासून पिंडाशेजारी बंदूक मांडून त्यांना जेवायला बोलावतोय.”

आनंदीबाईनं तोंडाला पदर लावला. हसू होतं की दुसरं काही, ते कळलं नाही.

महिपतनं चाक बसवून रिव्हॉल्व्हर धोंडूच्या हाती दिलं आणि ते घेऊन सुरूंच्या मागे, दिसणार नाही इतकं लांब जायला सांगितलं. धोंडू तयार झाला. काडतूसही न्या, म्हटल्यावर मात्र तो अडला. यादीत निरंक लिहिलेली वस्तू तो ताब्यात घेऊ शकत नव्हता. घेतली तर यादी खोटी, यादी खोटी तर तो खोटा. ते राहू दे, सरकारच्या दृष्टीनं ते नाहीच, असं म्हणून तो निघून गेला. काडतूस पानावर राहिलं.

मग सगळे मागे सरले आणि वाट बघत राहिले. भटजी सावलीकडे बघत होते, महिपत त्यांच्या हातातल्या दर्भाकडे. आनंदीबाई कशाकडेच बघत नव्हती. एक कावळा जवळच्या झाडावर आला. मग वाळूवर. त्याचं डाव्या पंखातलं एक पीस मोडलेलं होतं. तो दोन उड्या पुढे आला, धोंडू गेला त्या दिशेला मान वळवून खात्री केली, आणि पिंडाला चोच लावली. भात खाल्ला. पुन्हा खाल्ला. मग ते पितळी काडतूस चोचीत उचललं आणि समुद्रावरून वळसा घेऊन सुरूंत दिसेनासा झाला.

“नेलंन,” आनंदीबाई म्हणाली. तिचे डोळे वाहत होते. “शेवटी हिशेब पुरा केलान. चला, पानं वाढायला घ्या.”

आप्पांनी रिव्हॉल्व्हर पंधराला घेतलं. महिपतनं किमतीचा दाखला खरा खरा लिहून दिला, त्यात काडतूस काढल्याचंही लिहिलं, आणि तो दाखला कचेरीत पोचल्यावर काडतूस कुठे आहे अशी विचारणा धोंडूला आली. धोंडूनं तीन दिवस विचार केला. मग महिपतच्या दुकानात बसून, त्याच्याच दौतीत बोरू बुडवून, पुढीलप्रमाणे अर्ज लिहिला :

मेहेरबान डिस्ट्रिक्ट मॅजिस्ट्रेट साहेब, जिल्हा रत्नागिरी, यांचे सेवेशी. अर्जदार धोंडू हवालदार याचा विनंतीअर्ज ऐसा जे, यादीत नसलेले काडतूस नग एक हे इसम नामे कावळा, वय ठाऊक नाही, धंदा श्राद्धपक्ष, राहणार सुरूचे बन, मौजे भाट्ये, याचे ताब्यात असून, समक्ष दोन वेळा समज देऊनही तो ते हजर करीत नाही. सदर इसमाकडे हत्यार नाही व त्याची वर्तणूक एरवी चांगली आहे. सबब मेहेरबानांनी कृपावंत होऊन सदर कावळ्यास काडतूस नग एक बाळगण्याचा परवाना दहाव्याच्या तारखेपासून मंजूर करावा, व परवान्यावर अंगठ्याऐवजी पंजा चालेल असा हुकूम व्हावा, ही विनंती.