प्रकृती उत्तम, घाई नाही

सकाळी दहाला खाली टपालपेटीचं झाकण वाजलं आणि मास्तरांनी मान वळवली. "आलं?"

"उद्या येईल," काकू म्हणाल्या आणि नवऱ्याच्या डाव्या हाताची नखं कापू लागल्या. उजव्या हाताची थोडी वाढली तरी चालत. डाव्याची मात्र अगदी बोटाला भिडवून कापायची, तारेवर नख लागता कामा नये, हा चाळीस वर्षांचा शिरस्ता. आता कुठली तार? व्हायोलिन कपाटावर चादरीत गुंडाळून पडलं होतं. वर्षभरात अर्धांगाचे दोन झटके आले. पहिल्याने हात नेला, दुसऱ्याने वाचा. काकू मिटलेल्या मुठीतलं एकेक बोट उलगडत होत्या. त्या बोटांना पूर्वी दगडासारखे घट्टे होते. आता ती तान्ह्या मुलासारखी मऊ झाली होती, आणि त्या मऊपणाचा काकूंना रोज नव्याने राग येई.

मास्तर म्हणजे काही बडं प्रस्थ नव्हे. ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओत मागच्या रांगेत बसून त्यांनी उभा जन्म वाजवलं. गाणी घरोघरी पोचली, गायकांची नावं पोचली. मास्तरांचं नाव तबकडीच्या पाकिटावरही आलं नाही. पुढे यंत्रं आली आणि बोलावणी थांबली. तरी ते रोज चार तास वाजवत आणि टपालाची वाट बघत. कुणीतरी दोन ओळी लिहील, तुमचं वाजवणं आम्ही ऐकलंय म्हणून. साठीनंतरची सहा वर्षं अशी गेली, आणि एके दिवशी त्यांनी व्हायोलिन गुंडाळून ठेवलं. "कुणाला नकोच आहे, तर शेजाऱ्यांचे कान कशाला किटवायचे?" एवढंच म्हणाले. त्या दिवसापासून माणूस आतून विझत गेला.

आणि गेल्या आठवड्यात पत्र आलं! संगीत सभेचा जीवनगौरव पुरस्कार. काकूंनी डोळे पुसत ते त्यांच्या हातात दिलं. त्यांनी उलटं धरलं, बाजूला ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी झाकण वाजताच पुन्हा विचारलं, "आलं?" तेवढा एकच शब्द त्यांच्यापाशी उरला होता.

थोड्याच वेळात संगीत सभेचे चिटणीस आले. हातात फाइल, खिशात मोजपट्टी. चाकाच्या खुर्चीची रुंदी घ्यायची होती, रंगमंचावर चढवायला फळी लागणार होती.

"वहिनी, तुम्ही काळजी करू नका. फक्त दोन मिनिटं व्हायोलिन मांडीवर ठेवू. फोटोपुरतं."

"त्यांना काही कळत नाही हो आता."

"असं कसं? अहो, मास्तर आम्हाला नवे नाहीत. बारा वर्षं नाव आहे आमच्या यादीत!"

काकूंच्या हातातली कात्री थांबली. "बारा वर्षं?"

"ही बघा ना." चिटणिसांनी कौतुकाने फाइल उघडली.

नाव, वाद्य, वय, प्रकृती असे रकाने होते. मास्तरांच्या नावापुढे सुवाच्य अक्षरात पहिल्या वर्षी लिहिलं होतं, 'प्रकृती उत्तम, घाई नाही.' दुसऱ्या वर्षी तेच. तिसऱ्या वर्षी, चौथ्या वर्षी, अकरा वर्षं तेच. यंदा मात्र लिहिलं होतं, 'अर्धांग. तातडीने.'

"एकदा काय झालं," चिटणीस सांगू लागले, "एका गृहस्थांना पुरस्कार जाहीर केला आणि कार्यक्रमाआधीच ते गेले. फार लागलं आम्हाला ते. तेव्हापासून जे जास्त आजारी त्यांना आधी. जिवंतपणी मिळावा हीच तर आमची तळमळ."

माणूस वाईट नव्हता. म्हणूनच काकूंना ओरडताही येईना.

"हे वाजवत होते तेव्हा तुम्हाला माहीत होतं," त्या हळू म्हणाल्या. "रोज त्या पेटीत हात घालून बघायचे. एक कार्ड टाकलं असतंत तर यांनी हातातलं वाद्य ठेवलं नसतं."

"पण वहिनी, नियमात..."

"आम्ही येणार नाही."

"अहो, पत्रिका छापल्यात!"

"मग यादीतल्या या बासरीवालीला बोलवा. पन्नाशीची आहे, अजून दम आहे. तिच्यापुढे काय लिहिलंय वाचा."

चिटणिसांनी वाचलं नाही. काकूंनी फाइलमधली निमंत्रणपत्रिका उलटी केली आणि तिच्या पाठीवर यादीतली उरलेली सात नावं पत्त्यांसकट उतरवून घेतली.

"वहिनी, हे गोपनीय असतं!"

"गोपनीय ठेवलंत म्हणूनच हे असं बसलेत," मास्तरांच्या मुठीकडे बोट दाखवून काकू म्हणाल्या.

दुपारभर बसून त्यांनी सात पत्रं लिहिली. 'तुमचं वाजवणं जाणकारांना ठाऊक आहे. तुमचं नाव त्यांच्या वहीत आहे. कृपा करून वाजवणं सोडू नका.' दुसऱ्या दिवशी शेजारणीला मास्तरांपाशी बसवून त्या निघाल्या. बासरीवालीने दारातच पत्र वाचलं, पुन्हा वाचलं आणि काकूंच्या गळ्यात पडून रडली. महिनाभर तिने बासरीला हात लावला नव्हता. अशी सहा दारं झाली.

सातवं दार सारंगीवाल्याचं. कुलूप होतं. समोरचे गृहस्थ म्हणाले, "ते? त्यांना जाऊन तीन महिने झाले. झोपेतच गेले. चांगले ठणठणीत होते हो."

काकू घरी परतल्या. दुसऱ्या दिवशी दहाला खाली टपालपेटीचं झाकण वाजलं. "आलं?" मास्तरांनी विचारलं.

'उद्या येईल' हे शब्द आज त्यांच्या तोंडून फुटेनात. त्यांनी नवऱ्याच्या बंद मुठीवर हात ठेवला. मग उठून त्यांनी सातव्या पाकिटावरचं नाव खोडलं, चिटणिसांचा पत्ता घातला आणि आतल्या पत्राखाली लिहिलं:

'यांची प्रकृती उत्तम होती. उरलेल्या सहा जणांबद्दल विचारायला मी सोमवारी येते.'