प्रयागबाईंची कॅसेट

चंद्रभान भोयर पाटबंधारे खात्यात नकाशे काढत असे, पण ते पोटापुरतं. त्याचा खरा जीव दोन यंत्रांत होता. पहिलं म्हणजे रेडिओ, गाणी ऐकायचा नव्हे, बोलायचा. रीतसर परीक्षा देऊन, सरकारी परवाना घेऊन तो गॅलरीच्या टोकाच्या खोलीतून जबलपूरशी, कोचीनशी आणि नशीब जोरावर असेल तर जपानशी गप्पा मारी. गप्पा तरी कसल्या? माझा आवाज कसा येतो, तुमचा असा येतो, तिकडे पाऊस आहे का. एवढं विचारायला एक पोस्टकार्ड पुरतं, असं त्याची बायको शामला म्हणे.

दुसरं यंत्र शहाऐंशीच्या उन्हाळ्यात घरात शिरलं. मस्कतला असलेल्या चुलतभावाने वहीएवढा, रबरी बटणांचा कॉम्प्युटर आणून दिला. हा पाहुणा आला तो रिकाम्या हाताने. त्याला स्वतःचा पडदा नव्हता, म्हणून घरचा टीव्ही लागे. वीज बंद केली की सगळं विसरे, म्हणून त्याचं शिकलेलं कॅसेटवर भरून ठेवायला घरचा टेपरेकॉर्डर लागे. दुसऱ्याच्या सामानावर संसार थाटणारी माणसं असतात, तसंच हे.

तरी प्रतापनगरच्या त्या दोन खोल्यांत तंटा नव्हता. रविवारचं वाटप ठरलेलं होतं. सकाळी चंद्रभानचा रेडिओ, दुपारी दहा वर्षांच्या लेकीचा, लतिकाचा, पडद्यावरचा साप, संध्याकाळी शामलाचा सिनेमा. सापाच्या खेळात शामलाही तरबेज झाली होती. तिचे दोनशे बारा गुण कॅलेंडरवर लिहिलेले होते आणि चंद्रभानला ते काही केल्या मोडता येत नव्हते.

पावसाळाभर तो एका प्रोग्रामच्या मागे लागला होता. गावाचं नाव द्यायचं, की आपली एरियल कोणत्या दिशेला फिरवायची ते मशीन सांगणार. टोकियो झालं, मॉस्को झालं. शामलाने कुही घालायला लावलं, कारण ते तिचं माहेर. मशीनने बराच वेळ विचार करून आग्नेय सांगितलं. तिने तोवर खिडकीतून बोटाने तेच दाखवलं होतं.

प्रोग्राम पुरा झाला त्या दिवशी चंद्रभानने तो कॅसेटवर भरला. एकदा नव्हे, सहा वेळा. टेप कुठे खराब झाली तर? हौशी माणसाला जगाचा भरवसा नसतो.

गणपती बसले, गेले. भाद्रपदाची पौर्णिमा आली आणि विदर्भातल्या घरोघरी भुलाबाई बसली. आता कोजागिरीपर्यंत महिनाभर संध्याकाळी मुली गाणी म्हणत घरोघरी फिरणार, आणि शेवटी झाकलेला डबा वाजवून आतला खाऊ ओळखणार. शामलाची आई प्रयागबाई या गाण्यांची खाणच होती. कुणालाच ठाऊक नसलेली कडवी तिला ठाऊक असत, आणि जी नसत ती ती तिथल्या तिथे रचत असे. तिची भुलाबाई माहेरी जाताना कुहीच्या बाजारात बांगड्या भरून जाई. दोन वर्षांपूर्वी याच दिवसांत मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ती रामदासपेठेतल्या दवाखान्यात आली आणि मग महिनाभर लेकीकडे राहिली. तेव्हा शामलाने तिची गाणी टेप करून घेतली होती. त्याच हिवाळ्यात प्रयागबाई गेली. म्हणून गेल्या वर्षी घरात भुलाबाई बसलीच नाही. यंदा मात्र लतिकाने आजीची गाणी आजीकडूनच शिकायची, असं शामलाने ठरवलं होतं.

रविवारी संध्याकाळी सात-आठ मुली जमल्या. शामलाने कपाटातून कॅसेट काढली आणि बटण दाबलं. टेपमधून आली ती शिट्टी, मग किर्रर्र, मग पत्र्यावर खडे ओतल्यासारखा आवाज. मुली खळखळून हसल्या. गॅलरीच्या टोकाला रेडिओशी खुडबुड करणाऱ्या चंद्रभानचा हात मात्र जागीच थांबला. हा आवाज त्याने झोपेतही ओळखला असता. हा त्याचा प्रोग्राम होता.

झालं होतं असं. कॅसेटच्या पाठीला दोन बारीक टिकल्या असतात. त्या मोडल्या की तिच्यावर पुन्हा काही भरता येत नाही. आईचा आवाज जपायला हे शामलाला शिकवलं होतं चंद्रभाननेच. पण बर्डीच्या बाजारातल्या फुटपाथवरून जुन्या कॅसेट स्वस्तात आणायची त्याची सवय. त्यांच्याही टिकल्या मोडलेल्याच असत, मग त्या खाचांवर सेलोटेपचा तुकडा चिकटवला की काम भागे. या कॅसेटवर चिठ्ठी नव्हती. आईचा आवाज ओळखायला चिठ्ठी कशाला, असं शामलाला वाटलं असणार. कपाटातली ही कॅसेट आपल्या जुन्यांपैकीच एक समजून त्याच्या हाताने सवयीने सेलोटेप चिकटवली, आणि सहा कॉप्यांनी ती पूर्ण बाजू भरून गेली.

शामलाने टेप बंद केला. मुलींबरोबर आठवतील ती चार गाणी म्हटली, डबा वाजवला, करंज्या वाटल्या. मुली गेल्यावर ती भांडी घासायला बसली. चंद्रभान मोरीच्या दाराशी उभा राहून काहीतरी सांगू लागला, की उलट बाजू पाहू, एखादा तुकडा राहिला असेल. तिने वर न पाहता म्हटलं,

"सहा बार भरला तुम्ही तुमचा प्रोग्राम. माह्या मायच्या आवाजाची एक कॉपी करावी, असं काहून नाही सुचलं?"

ती भांडली असती तर बरं, असं त्याला वाटलं. उलट बाजू कोरी निघाली. पुढचे दोन दिवस घरात सगळं वेळेवर झालं, चहासुद्धा, आणि त्याचंच त्याला जास्त लागलं.

बुधवारी त्याने आपली नोंदवही काढली. परवानाधारकाला प्रत्येक बोलणं तारीखवेळेसह लिहून ठेवावं लागतं, आणि या बाबतीत चंद्रभान काटेकोर होता. दोन वर्षांपूर्वीचा तो महिना तो ओळ न ओळ वाचत गेला. एका रविवारपाशी बोट थांबलं. 'मार्तंडराव, बालाघाट. नवी तार बांधली. आवाज टेप करून घेतला.' मार्तंडराव हे निवृत्त मास्तर आणि जुने रेडिओमित्र. एरियलच्या नव्या तारेवर आपण कसे ऐकू येतो ते कळावं, म्हणून चंद्रभाननेच त्यांना टेप करायला सांगितलं होतं. मामी, म्हणजे सासूबाई, तेव्हा घरात होत्या. डोळ्याला हिरवी पट्टी लावून दिवसभर गुणगुणत असायच्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने रेडिओवरून मार्तंडरावांना गाठलं. म्हातारबुवांनी एकही टेप कधी टाकली नव्हती. तासाभराने ते परत रेडिओवर आले आणि म्हणाले, मागे कुणी बाई गातात खऱ्या. पण गाणं रेडिओवरून वाजवायची परवानगी नाही, तेव्हा तुम्हीच या. चंद्रभानने शामलाला खरं ते सांगितलं, की मिळेल न मिळेल. रजा टाकली, गोंदियाला गाडी बदलली आणि छोट्या रुळांच्या गाडीने डुलत डुलत बालाघाटला पोचला.

मार्तंडरावांनी टेप लावली. आधी खरखर, मग चंद्रभानचा स्वतःचा आवाज, तारेची उंची सांगणारा, जाडा आणि भलताच खूश. त्या आवाजाच्या पाठीमागे, दाराजवळून, प्रयागबाईचं गाणं. अर्धं कडवं, पाऊण कडवं. आणि मग त्याचाच आवाज पुन्हा, पण माइकपासून तोंड वळवून:

"मामी, थांबा न जरा. मी बोलून राहिलो."

गाणं थांबलं. परवाना नसलेल्याचा आवाज हवेत जाऊ नये हा नियम, आणि चंद्रभान नियमाचा पक्का. मग अगदी जवळून, स्वच्छ:

"बोला जवाईबापू, बोला. माह्यं का, उद्या म्हणीन."

चंद्रभानने खाली मान घातली. आपण असं बोललो होतो हे तो साफ विसरला होता. मार्तंडराव समजूतदार माणूस. हवं तर गाण्यापुरतीच कॉपी काढून देतो, पुढचं गाळतो, असं ते चहा ओतता ओतता म्हणाले. मोह झाला, खोटं कशाला सांगा? घरी नेऊन कौतुक करून घेता आलं असतं. पण गाळायचं तर मामींचं ते बोलणंही गेलं असतं. एकदा पुसलं तेवढं पुरे, असं त्याच्या मनाने घेतलं. त्याने पूर्ण टेपचीच कॉपी मागितली, आणि या खेपेला एक सोडून दोन कॉप्या केल्या.

शुक्रवारी संध्याकाळी शामलाने ती ऐकली. लतिका मांडी घालून शेजारी बसली होती. 'थांबा न जरा' आलं तेव्हा चंद्रभान खिडकीबाहेर बघत होता. टेप संपली. शामलाने ती मागे घेतली आणि शेवटचं तेवढंच पुन्हा ऐकलं, आणखी एकदा ऐकलं.

"म्हटलं न तिनं," ती म्हणाली. "दुसऱ्याच दिवशी, तुम्ही ऑफिसले गेल्यावर. मी भरून घेतलं. तेच गाणं होतं त्या कॅसेटवर."

म्हणजे एकाच गाण्याला त्याने दोनदा गप्प केलं होतं. चंद्रभानला बसवेना. माफ कर वं शामला, एवढंच तो म्हणाला, आणि ते म्हणताना त्याचे डोळे भरून आले.

शामलाने टेपरेकॉर्डरमधून कॅसेट काढून हातात घेतली.

"त्या कॅसेटमंधी ती नुसती गात होती," ती म्हणाली. "तिचं बोलणं माह्याजवळ नव्हतंच. हे तुमच्याच्यानं राहिलं."

मग तिने केसांतली पिन काढली आणि दोन्ही कॅसेटच्या टिकल्या एकेक करून मोडल्या. लतिकाने बारीक अक्षरात चिठ्ठ्या लिहून चिकटवल्या. त्या दिवसापासून घरातली सेलोटेप शामलाच्या मसाल्याच्या डब्याशेजारी असते, आणि चंद्रभानला लागली तर ती कशासाठी हवी हे आधी सांगावं लागतं.