ठसका गेला

कापडाच्या दुकानावरच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. थेंबवाले महाराज मंचावर, आणि समोर खुर्चीत म्हातारा शिंपी. अर्धांगवायूनंतर पाण्याचा घोट घेतला की त्याला असा ठसका लागे की डोळे पांढरे होत. "कंठातल्या पीडे, चालती हो," म्हणत महाराजांनी त्याच्या घशात थेंब सोडले, मंत्र पुटपुटत थोडा वेळ काढला आणि पेलाभर पाणी दिलं. शिंपी गटागटा प्यायला. साधं खाकरलासुद्धा नाही. टाळ्यांनी हॉल दणाणला.

मागे भिंतीला टेकलेल्या बाईंनी मात्र डोळे मिटून घेतले. दवाखान्यात त्या रुग्णांना नीट गिळायला शिकवत. सगळे त्यांना गिळण्याच्या ताई म्हणत. याच शिंप्याला त्यांनी हनुवटी खाली घेऊन, दाट केलेलं पाणी चमच्याने गिळायला शिकवलं होतं. गाडी गोगलगायीच्या चालीने का होईना, पुढे सरकत होती. मग तो यायचाच थांबला, म्हणून त्या शोधत इथवर आल्या होत्या. असले प्रकार पाहून त्या इतक्या थकल्या होत्या की हल्ली धड रागही येत नसे.

"ताई, पाहिलंत ना? ठसका गेला यांचा," शिंप्याची बायको पदराने डोळे पुसत म्हणाली.

ताईंनी पुढे होऊन शिंप्याला लांब 'आ' म्हणायला लावलं. आवाज ओला आला, घशात पाणी खुळखुळावं तसा. प्यायलेलं सगळं पाणी पोटात गेलं नव्हतं. काही श्वासनलिकेत उतरलं होतं.

"मग ठसका का नाही लागला?" बायकोने विचारलं.

तिच्या पिशवीत घरी न्यायला घेतलेली थेंबांची बाटली होती. ताई म्हणाल्या, "एक थेंब जिभेवर ठेवून बघा, काकू."

अश्रद्ध माणसापुढे थेंबाचं तेज उतरतं, असं महाराजांनी घाईघाईने सांगितलं. काकूंनी थेंब ठेवलाच. जरा वेळाने जीभ चावून पाहिली. पुन्हा चावली.

"दाढ काढली तेव्हा अशीच झाली होती," त्या बोबडं बोलल्या.

"बधिर करायचं औषध आहे ते. पाणी वाट चुकलं की घशातल्या नसांना कळतं आणि ठसका त्याला बाहेर फेकतो. इथे त्या नसाच झोपवल्या. भुंकणाऱ्या कुत्र्याला गुंगी दिली, म्हणून चोर गेला का, काकू?"

काही जण उठून गेले. बाकीचे त्यांच्या रिकाम्या खुर्च्यांवर पुढे सरकले.

दोन दिवसांत शिंप्याला फुप्फुसाचा संसर्ग झाला. तापाने फणफणलेल्या नवऱ्याच्या उशाशी काकू बसून राहिल्या. ताप उतरल्यावर ताईंनी त्याला चमचाभर पाणी पाजून पाहिलं. तो ठसकला, चेहरा लाल होईपर्यंत.

काकूंना रडू फुटलं. "राखणदार जागा आहे," त्या म्हणाल्या. मग खालच्या आवाजात, "ताई, मीही टाळ्या वाजवल्या हो. पाणी गेलं कुठे, हे विचारलंच नाही."

"कुणीच विचारत नाही. टाळी वाजवण्याआधी एवढं एक विचारलं ना, तर निम्मे महाराज उपाशी मरतील."

ताईंनी पाणी पुन्हा दाट केलं, चमचा पुसला आणि शिंप्याच्या मानेखाली हात घातला.

"चला काका, पहिल्यापासून. हनुवटी खाली."