पानाच्या चंचीतली गोळी

मित्रांनो, मी एक जुनी चंची आहे. चंची म्हणजे पान-सुपारी ठेवायची, कप्प्याकप्प्यांची कापडी पिशवी. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मला पाहिलंही नसेल, म्हणून आधीच सांगून टाकते. राहुरीजवळच्या एका गावात चांगुणाबाईंनी खणाच्या उरलेल्या तुकड्यांतून मला शिवलं. नाडी ओवून पहिल्यांदा कमरेला खोचलं, तेव्हा मी काय मिरवले होते!

चांगुणाबाई बायकांच्या टोळीबरोबर कांदे काढायला जातात. शेजारी कोणी टेकलं की चंची सोडायची, ही त्यांच्यातली रीत. चंचीतलं काही मागितलं तर नाही म्हणायचं नसतं. "चांगुणे, तुज्या चंचीला लई बरकत हाय," असं बायका म्हणायच्या आणि मला स्वतःचं फार कौतुक वाटायचं.

पुढे दिवसभर वाकून चांगुणाबाईंची कंबर धरू लागली. त्यांनी किराणा दुकानातून अंगदुखीच्या गोळ्या आणल्या. दुकानदार पाकिटाचा तुकडा कात्रीने कापून द्यायचा. औषधाचं नाव आणि तारीख त्याच्याकडेच राहायची. त्या गोळ्या माझ्या सुपारीच्या कप्प्यात आल्या आणि मग पान द्यावं तशी गोळीही दिली जाऊ लागली. पान देताना कोणी चौकशी करत नाही, तशी गोळी देतानाही होईना.

बायडाबाई ही चांगुणाबाईंची जिवाभावाची मैत्रीण. मागे त्यांच्या पोटात जखम झाली होती. अंगदुखीच्या गोळ्या घेऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण आजारी म्हटलं तर टोळीतून काढतील, या भीतीने त्यांनी ते कामावर कोणाला, अगदी चांगुणाबाईंनाही, सांगितलं नव्हतं; आम्हाला ते फार उशिरा कळलं.

एकदा काम उक्तं होतं, म्हणजे सगळं वावर उरकूनच घरी जायचं. बायडाबाईंनी सकाळी उपाशीपोटीच माझ्यातली गोळी घेतली आणि पुन्हा सरीत वाकल्या. थोड्याच वेळात परत आल्या.

"चांगुणे, ह्या गोळीत दम न्हाई गं. आजून येक दे."

"घे की. तुज्यापरीस का गोळी जास्त हाय?"

मित्रांनो, गोळी पोटात विरघळून रक्तात मिसळायला अर्धा तास, कधी तासभरही लागतो. पहिलीला तेवढा वेळच मिळाला नव्हता. पलीकडच्या बाईनेही आपल्याजवळची वेगळ्या रंगाची एक गोळी पुढे केली. रंग वेगळा असला, तरी औषध एकाच जातीचं होतं. हे मग रोजचंच झालं. काढणी संपत आली आणि बायडाबाईंना वावरातच रक्ताची उलटी झाली. कांद्याच्या टेम्पोतून त्यांना दवाखान्यात नेलं. मी चांगुणाबाईंच्या कमरेला होते आणि त्या मला मुठीत आवळून धरत होत्या. बायडाबाई परत आल्या नाहीत.

दहावा झाला. बायडाबाईंची मुलगी जयमाला चांगुणाबाईंजवळ येऊन बसली. रडून रडून तिचं डोकं ठणकत होतं.

"मावशे, हाय का येखांदी गोळी?"

चांगुणाबाईंचा हात सवयीने माझ्या नाडीकडे आला आणि तिथेच थांबला.

"हाय, पन मी देनार न्हाई," त्या म्हणाल्या. "आदी दोन घास खा. मंग दवाखान्याच्या आशाताईला इचारून काय ती गोळी घिऊ. तुज्या आईला मी येकदा जरी इचारलं आसतं..." जयमालाने त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं.

मित्रांनो, माझ्यासमोर कोणाला नाही म्हटलं गेलं, ते त्या दिवशी पहिल्यांदा. तुमच्या घरीही आई-आजी कधी गोळी मागेल. ती लगेच हातावर ठेवू नका. काही खाल्लंस का, आधी कोणती घेतलीस, डॉक्टरांनी कशाला मनाई केली आहे का, एवढं विचारा. दुखणं थांबत नसेल, तर हट्टाने दवाखान्यात न्या. बायडाबाईंना आम्ही सगळ्यांनी भरभरून दिलं. त्याऐवजी एकीने जरी जवळ बसून विचारलं असतं, तर त्यांनी सांगितलं असतं, असं मला फार वाटतं.